भाताच्या कोठीची जागा

आमच्या मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, पूर्वी भाताची कोठी होती. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातला, कोरगूट भात मळून, वाळवून घरी आला की त्या कोठीत जायचा आणि पुढचा पाऊस येईपर्यंत घर त्यावर जेवायचं. बाबांच्या शेवटच्या वर्षांत शेत सुटलं, कोठी वाळवीनं खाल्ली, जागा रिकामी राहिली. आज तिथे कडाप्प्याच्या फळीवर एक लॅपटॉप मिटून ठेवलेला आहे. त्याची एक बिजागरी तुटलीय, पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आहे. तो दिवसरात्र चालू असतो. कान लावला तर पंख्याची बारीक घरघर ऐकू येते. पावसाचा जोर असला की तीही नाही.

या लॅपटॉपच्या पोटात आमच्या गावच्या उत्सवातली नाटकं आहेत. १९८२ ते १९९७ या वर्षांतल्या ६३ कॅसेटी.

गोव्याबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. फोंडा तालुक्यातल्या आमच्यासारख्या घरांत बोलायचं कोंकणीतून, पण भजन, आरती, कीर्तन, नाटक मराठीतून, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. देवळाच्या उत्सवात पालखी फिरून आली, आरती झाली की मांडवात नाटक उभं राहायचं, ते पहाटेला संपायचं. नट गावचेच: पोस्टमन, खाणीवरचा ट्रक चालवणारा, सोनार, शाळामास्तर. बाबा दिग्दर्शन करायचे आणि पेटी वाजवायचे. आईच्या वाट्याला वही यायची. नाटकाचं छापील पुस्तक एकच असायचं, तेही कुणाकडून तरी उसनं आणलेलं. आई ते दोनशे पानी वहीत हातानं उतरवून काढायची, नायकाची वाक्यं निळ्या शाईत, बाकीच्यांची काळ्या, सूचना तांबड्या. एका वर्षी प्रॉम्प्टिंग करणारा तापानं पडला, तेव्हा वही जिच्या हातून उतरली होती तीच विंगेत जाऊन बसली. पुढची सगळी वर्षं ती तिथेच बसली.

टेपरेकॉर्डरही विंगेतच ठेवलेला असायचा. त्यामुळे या ध्वनिमुद्रणांत आईचा आवाज सगळ्यांत जवळून ऐकू येतो. नट अडखळतो, क्षणभर काहीच नाही, मग दबक्या आवाजात आई अर्धं वाक्य टाकते आणि नट ते झेलून पुढे नेतो. प्रेक्षकांना हे कधी ऐकू गेलं नसेल. मला मात्र आता नाटकापेक्षा त्या अर्ध्या वाक्यांचीच वाट पाहायची सवय लागली आहे.

बाबा २०१९ मध्ये गेले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या, मी गणित शिकवते ते मोबाइलवर आलं होतं आणि दुपारच्या दुपार मोकळ्या होत्या. मी कॅसेटी काढल्या. काहींच्या फितीवर पांढरी बुरशी, काहींची आतली स्पंजाची गादी सुटलेली. डेकच्या हेडशेजारी एक इवलासा स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो. ज्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण झालं त्याचा कोन आणि आपल्या डेकचा कोन जुळला नाही तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. प्रत्येक कॅसेटीला तो स्क्रू केसभर फिरवायचा आणि फितीची खरखर सगळ्यांत मोकळी ऐकू येईल तिथे थांबायचं. पेटीचा भाता ओढल्याचा आवाजसुद्धा त्या एका स्क्रूनं परत आला. अशा साधारण ८० तासांच्या फायली झाल्या. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला जेमतेम १० एमबी जागा घेतो, म्हणजे सगळं मिळून ५० जीबीच्या आसपास. सोळा वर्षांच्या उत्सवांना एवढीच जागा लागते.

मी त्या फायली एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर चढवल्या. कॅसेटी माळ्यावर गेल्या. ज्या संगणकावर काम केलं तो भाच्याच्या ऑनलाइन वर्गांसाठी साफ करून दिला. २०२२ च्या पावसात माकडांनी कौलं हलवली, माळ्यावर पाणी आलं आणि गणपतीची मखर काढायला वर गेले तेव्हा कॅसेटींचं डबकं झालेलं होतं. मला वाईट वाटलं, पण फार नाही. फायली होत्या ना.

जुलै २०२४ मधल्या एका सकाळी ते खातं उघडेना. 'नियमांचं उल्लंघन' झाल्यामुळे खातं बंद, एवढाच मजकूर. कुठला नियम, कुठली फाइल, काही नाही. एक फॉर्म होता तो भरला. आठवड्यानं पुन्हा भरला. एकूण चार वेळा भरला. आईला सांगायचं टाळलं होतं, पण घरात अशा गोष्टी लपत नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तांचें ऑफीस खंय आसा? वचून विचारूंया." कचेरी कुठे आहे, जाऊन विचारू. तिच्या आयुष्यात प्रत्येक कामाला एक कचेरी होती: मामलेदाराची, वीजखात्याची, पंचायतीची. तिथे रांगेत थांबावं लागे, परत पाठवत, पण समोर माणूस बसलेला असे. मला तिला सांगावं लागलं की जायला जागाच नाही.

२३ दिवसांनी खातं परत सुरू झालं. एका ओळीचं पत्र आलं, कारण त्यातही नव्हतं. त्या रात्री मी सगळ्या फायली उतरवायला लावल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण आल्या. तोवर मी शाळेत गेले नाही. रजा टाकून, फायली उतरताना पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीसमोर बसून राहिले.

त्या कंपनीनं मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही. कुठल्या तरी यंत्रणेनं माझ्या फायली चाळल्या असतील, तिला त्यात काही खटकलं असेल. चूक माझीही होती, आणि ती मोठी होती: जगात एकच प्रत उरली आहे हे माहीत असून मी दुसरी केली नव्हती. पण त्या २३ दिवसांत एक गोष्ट मला पक्की कळली. आईच्या आवाजावर माझा काही हक्क चालत नव्हता. मी तिथे पाहुणी होते. अशी पाहुणचाराची घरं बंदही होतात. जिओसिटीजवरची कोट्यवधी पानं २००९ मध्ये गेली, गूगल रीडर १ जुलै २०१३ ला थांबलं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. ऑर्कुटवर आमच्या पिढीनं काय काय लिहून ठेवलं होतं, आता कुणाला आठवतही नाही.

बेळगावहून भाचा गणपतीला आला होता. त्याच्याशी बोलताना पहिल्यांदा कळलं की सर्व्हर ही वातानुकूलित खोलीत ठेवण्याची वेगळी वस्तू नसते. दुसऱ्या यंत्रानं काही मागितलं की ते काढून देणारा कुठलाही संगणक म्हणजे सर्व्हर. "आत्या, तुझ्या कपाटात पडलेला लॅपटॉप पुरेल," तो म्हणाला.

मला खरं तर दुसराच संगणक वापरायचा होता. २००० साली बाबांनी घेतलेला पेंटियम थ्री अजून आमच्याकडे आहे. त्या वर्षी काजूचे चांगले पैसे आले होते, ते सगळे त्यात गेले. पांढऱ्याचा पिवळा झालेला तो डबा मी उघडला, ब्रशनं झाडला, चालूही केला. तो उठला. पण त्याची मेमरी १२८ एमबी. आजच्या लिनक्सला (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीला) श्वास घ्यायलाही ती पुरत नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीनं तर त्या डब्यासारख्या ३२ बिटांच्या यंत्रांवर नव्यानं उतरण्याची सोयच काढून टाकली. जुनं ते सगळं वापरता येतं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जुन्या यंत्रांतही उपयोगाची कुठली आणि नुसती जिवाला लागलेली कुठली, हे वेगळं करावं लागतं. तो डबा मी ठेवलाय, पण बाबांच्या पेटीशेजारी.

कपाटातला लॅपटॉप २०१३ चा, इंटेलच्या आय थ्री प्रोसेसरच्या चौथ्या पिढीचा. मेमरी ४ जीबीची ८ केली, आतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, घातली. सगळ्यात आधी पाठीमागचं झाकण उघडून बॅटरी पाहिली. जुन्या बॅटऱ्या फुगतात, आणि फुगलेली बॅटरी चोवीस तास चार्जरला लावून ठेवणं म्हणजे घरात आग पाळणं. आमची सपाट होती. कुणी हे करणार असेल तर ही एक गोष्ट विसरू नये, आणि यंत्र लाकडावर, कापडावर ठेवू नये. म्हणून आमच्याकडे कडाप्पा.

चांगली बॅटरी असलेला लॅपटॉप या कामाला डेस्कटॉपपेक्षा सरस. वीज गेली तरी आमचा अर्धा-पाऊण तास तग धरतो, आणि पावसाळ्यातल्या फोंड्यात वीज किती वेळा डोळा मारून जाते ते इथल्यांना सांगायला नको. शिवाय तो खातो कमी. नुसता बसलेला असताना माझा लॅपटॉप सुमारे १५ वॅट घेतो: १५ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला जेमतेम ११ युनिट. जुना डेस्कटॉप ५५ वॅटनं चालला तर तेच ४० च्या घरात जातं. हे गणित मी नववीच्या वर्गालाही घातलं होतं. मुलांनी घरी जाऊन फ्रिजपासून देव्हाऱ्यातल्या बल्बपर्यंत सगळ्यांची यादी करून आणली.

डेबियन उतरवायला एक संध्याकाळ लागली. झाकण मिटलं तरी झोपू नकोस, हे त्याला सांगायला एक ओळ. बाकी मात्र वेळ गेला, कारण मी नको तितकं घालत सुटले. नेक्स्टक्लाउड घातलं. २०१६ मध्ये ओनक्लाउडपासून वेगळं झालेलं हे चांगलं साधन आहे: फायली, दिनदर्शिका, संपर्क, सगळं एका जागी. पण दोन बायकांच्या घराला एवढा पसारा कशाला? महिनाभरानं काढून टाकलं. आता फोनमधले फोटो सिंकथिंग नावाचं साधन आपोआप लॅपटॉपवर आणून ठेवतं, आणि नाटकं जेलीफिन या दुसऱ्या साधनावर आहेत. कुणाच्याही फोनवर वर्ष आणि नाटकाचं नाव दिसतं, बोट लावलं की पडदा उघडतो. चित्रफिती लहान करून पाठवायच्या असत्या तर या प्रोसेसरला घाम फुटला असता. नुसत्या आवाजाचं त्याला काहीच वाटत नाही.

ईमेल घरी आणलं नाही. घरातल्या जोडणीवरून पाठवलेली पत्रं मोठ्या सेवा सरळ कचऱ्यात टाकतात, बऱ्याच ठिकाणी ती वाटच बंद असते. त्यात वर्षं घालवणारी माणसं मला ठाऊक आहेत. शाळेचं पत्र पोचलं की नाही या काळजीत मला राहायचं नव्हतं.

खरी अडचण उंबऱ्यावर आली. घरात सगळं चालायचं. बेळगावहून भावानं उघडायचा प्रयत्न केला की काहीच नाही. कारण शोधायला मला चार रात्री लागल्या. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटी. जगाला ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून बऱ्याच कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. वाड्यात वीस बिऱ्हाडं आणि दारावर पत्रपेटी एक, तसं. आतल्या बिऱ्हाडानं पाठवलेल्या पत्राचं उत्तर नीट येतं, कारण वाड्याच्या मालकानं नोंद ठेवलेली असते. पण बाहेरून कुणी आपण होऊन आलं तर कुठल्या बिऱ्हाडाचं दार ठोठवायचं, ते त्याला कळत नाही. माझ्या राउटरला मिळालेला पत्ता १०० नं सुरू होत होता आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला होता. हा पट्टा अशा वाड्यांसाठीच राखून ठेवलेला आहे. तुमच्याकडेही तसा दिसला तर राउटरशी भांडत बसू नका.

नव्या पद्धतीच्या पत्त्यांत ही टंचाई नाही, पण भावाच्या बाजूला ते नीट चालेनात. शेवटी मुंबईतलं एक लहानसं भाड्याचं यंत्र घेतलं, ज्याला स्वतःचा पत्ता आहे. आमचा लॅपटॉप आतून बाहेर जाऊन वायरगार्ड नावाच्या साधनानं त्याच्याशी एक कुलूपबंद बोगदा बांधतो आणि भाऊ त्या बोगद्यातून घरी येतो. म्हणजे भाडेकरूपण पुरतं सुटलेलं नाही. इंटरनेटवरच्या आपल्या नावासाठीही दर वर्षी पैसे भरावे लागतात. पण भाड्यानं घेतलेली आहे ती वाट. उद्या ते यंत्र बंद पडलं तर दुसरं घेईन, संध्याकाळभराचं काम. धान्य घरातच आहे.

त्या भाड्याच्या यंत्राची नोंदवही मी पहिल्या सकाळी उघडली आणि हात थंड पडले. रात्रीत कुठून कुठून कुणी कुणी दार ढकलून पाहिलं होतं. 'ॲडमिन', 'रूट', 'टेस्ट' अशी नावं घेऊन, एकामागून एक पासवर्ड लावून. भाचा म्हणाला, घाबरू नकोस, ही यंत्रं आहेत, जगातल्या प्रत्येक पत्त्यावर हेच चालतं. मी पासवर्डनं आत येणंच बंद केलं, किल्ल्यांच्या फायली केल्या आणि वायरगार्डचं सोडून सगळी दारं लावली. वायरगार्डचं वैशिष्ट्य असं की ज्याची ओळख पटत नाही त्याला ते 'नाही' असंही म्हणत नाही. उत्तरच देत नाही. बाहेरच्याला तिथे दार आहे हेच कळत नाही.

आईला फायरवॉल, म्हणजे ही दारं राखणारी व्यवस्था, समजावताना मात्र मला शब्द शोधावा लागला नाही, कारण आमच्या घरापासून दहा मिनिटांवर झुआरी नदीच्या कडेला एक मानस आहे. खाजनाच्या बांधातलं ते लाकडी दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं तेव्हा त्या पाण्याच्याच रेट्यानं ते उघडतं, आणि भरतीचं खारं पाणी चढायला लागलं की त्याच्याच रेट्यानं मिटतं. कुणी उभं राहावं लागत नाही. आतून बाहेर जाणाऱ्याला वाट, बाहेरून रेटणाऱ्याला दार बंद. आई म्हणाली, पण मानशीतून भरतीचं पाणी थोडं आतही घेतात की, मासळीसाठी. मी म्हटलं, हो, भावाला घेतो तसं.

ते बोलणं झालं आणि माझ्या मनात आमचं शेतच आलं. ते का सुटलं? बाबांचं वय झालं हे एक कारण, पण खरं कारण बांध. मी लहान असताना पावसाळ्यात एका रात्री बांधाला भगदाड पडलं होतं. बाबा कंदील घेऊन धावले, मागोमाग गावातले तीसेक जण, आणि पहाटेपर्यंत चिखलाचे गोळे हातोहात देत त्यांनी ते बुजवलं. बांध ज्यांच्या शेतांना राखतो, त्यांनीच तो राखायचा, अशी रीत होती. मग एकेकानं शेती सोडली. कुणी नोकरीला गेलं, कुणाची मुलं बाहेर. पंचवीस वर्षांनी पुन्हा भगदाड पडलं तेव्हा कंदील घेऊन निघालेले बाबा आणि आणखी तिघे. खारं पाणी आत आलं ते आलंच. त्या जागी आता खारफुटी आहे. सुंदर दिसते, बगळे येतात. कोरगूट पिकत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पडवीतला लॅपटॉप राखणारी मी एकटी होते. पासवर्ड माझ्या डोक्यात, वाटा माझ्या डोक्यात. मला उद्या काही झालं तर आईचा आवाज तिच्याच घरात, तिच्यापासून दहा पावलांवर बंद होऊन पडला असता. कंपनीनं २३ दिवसांनी खातं परत तरी दिलं.

म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रती वाढवल्या.

यात मला धीर दिला तो आमच्याच भूमीतल्या एका गोष्टीनं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडहून आलेला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात पोचला, मराठी शिकला आणि त्यानं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं. जवळजवळ ११ हजार ओव्या. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं, देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही छापलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ उरला तो हातानं उतरवून काढलेल्या प्रतींमुळे. कुणी मंगळूरकडे नेली, कुणी गोव्यात जपली, देवनागरीतली एक प्रत लंडनला जाऊन पोचली. छापखान्यातून निघालेलं सगळं हरवलं आणि वहीत उतरवलेलं राहिलं. उतरवणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आईनं दिव्याखाली बसून उतरवलेल्या त्या दोनशे पानी वह्या मी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे ती माणसं मला परकी वाटत नाहीत.

संगणकवाल्यांचा नियम असा: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आमची पहिली प्रत लॅपटॉपवर. दुसरी एका बाहेरच्या डिस्कवर, जी आठवड्यातून एकदाच जोडते, एरवी आईच्या लोखंडी कपाटात साड्यांखाली असते. वीज कडाडून घरातली सगळी यंत्रं गेली तरी न जोडलेल्या डिस्कला काही होत नाही. तिसरीसाठी यंत्र मिळालं ते फोंड्यातल्या एका हिशेबनिसाच्या कचेरीतून. विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होत्या, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, शिवाय साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. कचेरीतले डेस्कटॉप सहाव्या पिढीचे. चालणारे, न कुरकुरणारे, कोपऱ्यात थप्पी लावलेले. मी एक मागून आणला.

त्यावर डेबियन घालताना तो अडून बसला. कुठलीही फाइल आणायला गेलं की म्हणायचा, ही फाइल अजून वैध झालेली नाही. तासभर काही कळेना. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. त्याच्या मते ते २०१६ साल होतं. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल मेला होता, प्लग काढला की तो आपलं साल विसरायचा आणि पुढच्या काळातलं काहीच मान्य करायचा नाही. घड्याळजीकडून नवा सेल आणून बसवला आणि सगळं सुरळीत झालं. किती चांगली यंत्रं एवढ्यावर भंगारात गेली असतील!

तो डेस्कटॉप आता भावाच्या घरी आहे. पहिली प्रत त्यात भरून, गादीत गुंडाळून, कदंबच्या बसमधून चोर्ला घाटानं मी तो मांडीवर घेऊन बेळगावला नेला. रोज रात्री घरून जे काही नवं असेल तेवढंच बोगद्यातून तिथे जातं, कुलूपबंद होऊन. आणि दर महिन्याच्या पहिल्या एकादशीला मी बेळगावच्या प्रतीतून कुठलं तरी एक नाटक परत मागवते आणि पाच मिनिटं ऐकते. परत आणून पाहिली नाही तोवर ती प्रत आहे असं मी मानत नाही.

दुसरी गोष्ट, वही. दोनशे पानी, रेघांची. आईची पद्धत मी उचलली: करायच्या कृती निळ्या शाईत, कारणं काळ्या, 'हे करू नकोस' ते तांबड्या. पान १, कुठलं यंत्र कुठे आहे. पान ४, वीज गेली तर. पान ७, मी नसले तर. पासवर्ड वेगळ्या पाकिटात, पाकीट देव्हाऱ्याच्या खणात. लिहायला महिना लागला, कारण आईला वाचायला दिलं की ती विचारायची, 'टर्मिनल' म्हणजे काय? 'रीस्टार्ट' कुठल्या बटणानं? तिला कळलं नाही ते वाक्य मी खोडलं. तीन वेळा वही नव्यानं उतरवली. हस्ताक्षर तिचंच, मी सांगत गेले आणि तिनं लिहिलं. 'हिरवा दिवा' असं मी सांगितलं तिथे तिनं 'पाचवो दिवो' असं लिहिलंय, आमच्या घरात हिरव्याला म्हणतात तसंच.

ऑक्टोबरमध्ये मी दोन दिवस बेळगावला होते. परतीचा पाऊस होता, फोंड्याकडे संध्याकाळी विजांनी आकाश फाटलं म्हणून आईनं फोन केला होता. रात्री साडेआठला भावाच्या मुलीला नाटक लावून दाखवायला गेले तर घर लागेना. लॅपटॉप नाही, राउटर नाही. मी आईला फोन केला आणि सुरुवात केली, "आई, आधी ते मुख्य बोर्डावर..." तिनं मला थांबवलं. "हांव वाचतां, तूं आयक."

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग तिनं वाचायला घेतलं. पान ४, पहिली ओळ. वाचली, फोन ठेवून गेली, आली. "एक स्विच खाली पडला होता, वर केला." दुसरी ओळ. राउटर. 'दोन मिनिटं थांब' असं वाचलं आणि खरोखर दोन मिनिटं थांबली, मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तिसरी. लॅपटॉपचं बटण, तीन आकडे मोजेपर्यंत दाबून धर. तिनं मोठ्यानं तीन मोजले.

"पाचवो दिवो लागलो गो."

इकडे भाचीच्या हातातल्या फोनवर यादी परत आली होती. तिनं माझ्याकडे न पाहताच एक वर्ष दाबलं, १९८७. पेटी सुरू झाली, टाळ्या, मग कुणीतरी प्रवेश केला आणि दुसऱ्याच वाक्यावर अडखळला. थोडा वेळ नुसती खरखर. मग अगदी जवळून आईचा आवाज आला, अर्धं वाक्य. दुसऱ्या कानाला लावलेल्या फोनवर ती अजून पान ४ ची शेवटची ओळ वाचत होती.